लष्करातला मुक्काम

गुढीपाडव्याला आमच्या ग्वाल्हेरच्या लष्करातल्या घरी नवं पंचांग आलं की आधी त्याला हळदकुंकू लागतं, मग वर्षफल वाचतात. ‘शालिवाहन शके’ हे शब्द लहानपणापासून कानावर होते. त्यातले शक म्हणजे घोड्याच्या पाठीवर आयुष्य काढणारे लोक, हे फार उशिरा कळलं. ग्रीक ज्यांना सिथियन म्हणत, त्यांचे हे भाऊबंद. त्यांच्यासारख्याच भटक्या घोडेस्वारांची थडगी अल्ताई पर्वतात पाझिरिकला सापडली. आत शिरलेलं पाणी गोठलं, म्हणून नमदे, खोगिरं, धन्यासोबत पुरलेले घोडेसुद्धा अडीच हजार वर्षं टिकले. एरवी राहुट्या उठल्या की मागे चुलीची राख तेवढी उरायची.

पण जे शक इथवर आले, ते असे पुसले गेले नाहीत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यात स्वतःला शक म्हणवतो आणि ब्राह्मणांना दिलेल्या गाई मोजतो. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. जोगळटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर त्यानं नहपानाच्या छापावरच आपला छाप मारलेला आहे. निरखून पाहिलं तर काहींवर खालचा चेहरा अजून ओळखू येतो.

आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर शक नव्हे, हूण आले; तेही मध्य आशियातलेच. हूण राजा मिहिरकुलाच्या पंधराव्या राज्यवर्षात, कार्तिकात, मातृचेट नावाच्या माणसानं गोपगिरीवर, म्हणजे याच डोंगरावर, सूर्याचं दगडी देऊळ बांधलं, आईवडिलांच्या आणि स्वतःच्या पुण्यासाठी. ते देऊळ आज नाही. तो शिलालेख कोलकात्याच्या संग्रहालयात गेला. सूरजकुंडाच्या पायऱ्यांवर बसलं की मला मात्र सूर्याचे जोडे आठवतात. बृहत्संहितेत सूर्याला उत्तरेकडचा वेष सांगितलाय, आणि उत्तरेतल्या जुन्या मूर्तींत तो घोडेस्वाराचे उंच जोडे घालूनच उभा असतो. चपला बाहेर काढून आपण आत जातो आणि त्या जोड्यांपाशी डोकं टेकतो.

संध्याकाळी किल्ल्यावरून खाली लष्करातले दिवे दिसतात. 1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथं पडला. घोडे, राहुट्या, बाजारबुणगे, सगळा पसारा उठेल त्या दिवशी उठायचा होता. तो उठला नाही. तळाचं नावच शहराला राहिलं. माझे पूर्वज त्याच तळामागून आलेले. सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी ‘शालिवाहनशके’ म्हणतात, तेव्हा हल्ली मी पळीतलं पाणी सोडताना क्षणभर थांबते. घोड्यावरून उतरून इथलेच झालेले सगळेच त्या एका शब्दात मला आपले वाटतात.