दिव्यामागें धांवणारी गाडी

'छंद' हा शब्द आपल्या घरांतून फारशा आदरानें उच्चारला जात नाहीं. त्याच्या जोडीला 'फंद' लगेच येऊन बसतो, आणि एखाद्याला 'छंदीफंदी' म्हटलें कीं त्याची किंमत चार आण्यांनीं उतरते. गाणें, चित्रकला, विणकाम यांचें निदान पाहुण्यांपुढें प्रदर्शन तरी करतां येतें. परंतु ज्या छंदांत दिवाणखान्यांत तारा पसरतात, डाख देतांना धूर होतो, आणि शेवटीं विकतां येण्याजोगें कांहींच हातीं लागत नाहीं, त्या छंदाची बाजू घेणार कोण? ती आज आम्ही घेणार आहोंत.

यंत्रें आमच्या भागाला नवीं नाहींत. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरच्या कारखान्यांत साखर कारखान्यांच्या अवजड सामग्रीपासून 'इस्रो'च्या अग्निबाणांच्या मोटारींच्या कवचांपर्यंत कामें झालीं आहेत. बारामतींत अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे. तरी कारखान्यांतलें यंत्र निराळें आणि घरीं मांडीवर घेऊन जुळविलेलें यंत्र निराळें. पहिल्याचें फळ आपल्याला मिळतें. दुसऱ्याचें अंतरंग आपल्याला कळतें.

आमचें कुटुंब दोन गांवीं राहतें. थोरले बंधू, वहिनी व आई इंदापुरास जुन्या वाड्यांत. उसाची शेतीही तेथेंच. आम्ही नोकरीनिमित्त बारामतीस आलों ते तेथेंच राहिलों, आणि बंधूंचा नऊ वर्षांचा मुलगा शिक्षणासाठीं आमच्याकडे असतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत त्याला घेऊन आम्ही इंदापुरास गेलों, तेव्हां सामानांत एक खोकें होतें. उजेडाच्या मागें जाणारा रोबो घरीं करावयाचा, असा आमचा दोघांचा बेत होता.

रोबो म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें हातपाय असलेला लोखंडी माणूस उभा राहतो. आमचा रोबो म्हणजे वीतभर प्लायवूडच्या फळीवर बसविलेलीं दोन चाकें, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटार, पुढें हवें तिकडे वळणारें एक लहान चाक, आणि दोन डोळे. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लींतून आणले. सर्वांचा खर्च चौघांच्या एका वेळच्या उपाहारगृहांतील जेवणाहून कमीच झाला. डोळा म्हणजे 'एलडीआर' नांवाची मसुरीच्या दाण्याएवढी चकती. तिच्यावर कॅडमियम सल्फाइडची नागमोडी रेघ असते. अंधारांत ही चकती विजेला जवळजवळ अडवून धरते. उजेड पडला कीं वाट मोकळी करते. तिच्यांतून येणारा क्षीण प्रवाह मोटार फिरविण्यास पुरत नाहीं, म्हणून मध्यें एक ट्रान्झिस्टर घालावा लागतो. आजूबाजूचा उजेड आंत शिरूं नये यासाठीं पेनांच्या काळ्या टोपणांचे तुकडे कापून आम्हीं डोळ्यांवर बसविले.

सारी खुबी जोडणींत आहे. डाव्या डोळ्याची तार उजव्या मोटारीकडे न्यावयाची आणि उजव्याची डाव्या मोटारीकडे. दिवा डावीकडे असला तर डाव्या डोळ्यावर उजेड अधिक, म्हणून उजवें चाक अधिक वेगानें फिरतें, आणि गाडी डावीकडे, म्हणजे दिव्याकडे, वळते. तारांची अदलाबदल करा. तीच गाडी उजेडाला पाठ दाखवून पळूं लागते. मध्यें कोठेंही विचार नाहीं, इच्छा नाहीं, संगणकही नाहीं.

संध्याकाळीं ओसरीवर दिवे मालवून आम्हीं विजेरी पेटविली, आणि गाडी डुलत डुलत तिच्याकडे निघाली. आई म्हणाली, "हिचा दिव्यावर फारच जीव दिसतो रे!" आम्हीं तारा बदलल्या. गाडी वळून कोनाड्याखालच्या अंधारांत गेली. "आतां रुसली," आई म्हणाली. सगळे हंसले, पण आईनें जें केलें तेंच मोठमोठ्या प्रेक्षकांनींही केलें आहे. ब्रिस्टल येथील मेंदूचे अभ्यासक ग्रे वॉल्टर यांनीं १९४८-४९ सालीं 'एल्मर' व 'एल्सी' अशीं दोन यांत्रिक कांसवें केलीं. प्रत्येकाला प्रकाशाचा एक डोळा, धक्का लागल्याचें कळण्याची एक सोय, आणि मेंदूच्या जागीं अवघे दोन व्हॉल्व्ह. तीं उजेडाकडे जात, उजेड फार प्रखर झाला कीं बाजूला होत, आणि विजेचा सांठा संपत आला कीं दिवा लावलेल्या आपल्या घरट्याकडे परतत. पाहणाऱ्यांना तीं जिवंत वाटत. पुढें १९८४ सालीं जर्मनींतील मेंदूशास्त्रज्ञ व्हॅलेंटिनो ब्रायटेनबर्ग यांनीं नेमक्या आमच्या गाडीसारख्या काल्पनिक गाड्यांवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. सरळ तारांची गाडी त्यांत 'भित्री' ठरते, उलट तारांची 'आक्रमक'. त्यांचें म्हणणें असें कीं, बाहेरून पाहणारा यंत्राच्या पदरीं नेहमीं गरजेपेक्षां अधिक मन बांधतो.

बंधूंना हें पटेना. ते म्हणाले, "यंत्राचें सोड, पण भुंगेरे दिव्यावर झेपावतातच ना?" त्यांच्या प्रश्नाला शेतीचा आधार होता. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनींतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. त्यांच्यासाठीं शेतकरी दिव्याखालीं पाण्याचें टोपलें ठेवून सांपळे लावतात. कवींनीं तर पतंगाला दिव्याचा प्रियकरच करून सोडलें आहे. पण २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत वेगवान कॅमेऱ्यांनीं पाहिलें तों निराळेंच दिसलें. उडणारे पुष्कळसे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवून 'वर' कोणतें व 'खालीं' कोणतें हें ठरवितात. आकाश उजळ असतें तोंवर हें ठीक. दिवा जवळ आला कीं ते त्याच्याकडे पाठ वळवितात, आणि त्याच्याभोंवतीं घिरट्या घालीत अडकून पडतात. तेथें प्रेम नाहीं आणि आत्मसमर्पणही नाहीं. तोल सांवरण्याची धडपड आहे. बंधू ऐकून घेऊन गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशीं गाडी बिघडली. दिवा समोर धरला तरी ती उजवीकडे झुकत जाई आणि भिंतीला अडे. "हट्टी आहे," असा निकाल घरांतून लागला. पुतण्याला तो मान्य नव्हता. त्यानें प्रथम मोटारींची अदलाबदल केली. झुकणें तसेंच राहिलें. मग त्यानें एक एक डोळा हातानें झांकून पाहिला, आणि मीटर लावून मापें घेतलीं. सारख्याच अंतरावरील विजेरीपुढें उजवा डोळा २ किलोओहम दाखवी, डावा ५. एकाच पाकिटांतल्या चकत्यांतही असा फरक निघतो. डाव्या डोळ्याला कमी दिसत होतें, म्हणून उजवें चाक मागें पडत होतें. हट्ट कोठेंच नव्हता.

येथें या मुलाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. घरांत त्याची ख्याति 'वेंधळा' आणि 'आळशी' अशी होती. झेलतांना चेंडू सुटे, पाणी ओततांना पेल्याबाहेर सांडे, वाचन सावकाश चाले. शाळेच्या पत्रकांत 'लक्ष नाहीं' हा शेरा ठरलेला, आणि बंधू तो मोठ्यानें वाचून दाखवीत. तो मुलगा गाडीचे डोळे झांकतां झांकतां सहज आपलेही डोळे आळीपाळीनें झांकूं लागला आणि म्हणाला, "काका, माझा पण एक डोळा असाच आहे का हो? उजव्यानें मला भिंतीवरच्या दिनदर्शिकेची तारीख दिसत नाहीं."

ओसरीवर कोणीच बोललें नाहीं. दोन दिवसांनीं बारामतीस नेत्रतज्ज्ञांनीं तपासून सांगितलें कीं, उजव्या डोळ्याला मोठा नंबर आहे आणि डावा स्वच्छ आहे. चांगला डोळा सर्व काम उचलतो, म्हणून मुलाला स्वतःला कांहीं जाणवत नाहीं. मेंदू मात्र हळूहळू दुसऱ्या डोळ्याकडून आलेली खबर घेईनासा होतो. दोन्ही डोळे एकत्र चालत नसल्यानें अंतराचा अंदाज चुकतो. चेंडू व पाणी यांचें मूळ तेथें होतें. शास्त्रांत यास 'अँब्लिओपिया' म्हणतात. व्यवहारांत नांव आहे 'आळशी डोळा'. तें नांव ऐकून बंधूंनीं मान खालीं घातली. उपाय सहा-सात वर्षांच्या आंत सर्वांत गुणकारी ठरतो, पण नवव्या वर्षींही पुष्कळ साधतें, असें डॉक्टर म्हणाले. चष्मा दिला, आणि रोज दोन तास चांगला डोळा पट्टीनें झांकावयास सांगितलें.

गाडीवरचा उपाय याच जातीचा होता. उजव्या डोळ्याच्या वाटेंत प्रीसेट नांवाचा फिरवितां येणारा रोधक बसवून आम्हीं त्याचा जोर डाव्याच्या बरोबरीस आणला, आणि गाडी सरळ चालूं लागली. फरक इतकाच कीं, चकतीचा डोळा सुधारत नाहीं, मुलाचा सुधारतो. सहा महिन्यांत त्याला तक्त्याच्या तीन ओळी अधिक वाचतां येऊं लागल्या आहेत. चेंडू अजून सुटतो. बंधूंच्या तोंडून मात्र 'आळशी' हा शब्द पुन्हां ऐकूं आलेला नाहीं.

गाडी केली नसती तर हा दोष कधींच उमगला नसता, असें आम्ही म्हणणार नाहीं. कोणा डॉक्टरानें तो पुढेंमागें ओळखला असता. परंतु स्वतःच्या हातानें यंत्र जुळविणाऱ्याला एक संवय लागते. वस्तु वाकडी चालली कीं तो तिला नांव ठेवीत नाहीं; तार, चाक, डोळा असें एक एक तपासतो. मोठ्या कुटुंबांत नांवें फार लवकर ठेवलीं जातात, आणि एकदां ठेवलेलें नांव दहा तोंडांनीं उच्चारलें जाऊन पक्कें होतें. तेथें ही संवय एका तरी माणसाला असणें आम्हांला फार मोलाचें वाटतें. आणि ती व्याख्यानानें लागत नाहीं, छंदानें लागते.

वाचकांनीं रोबो करावा कीं नाहीं, हें ज्याच्या त्याच्या सवडीवर आहे. एक गोष्ट मात्र आजच करतां येईल. घरांतील मुलांना भिंतीवरील दिनदर्शिकेपासून आठ-दहा फुटांवर उभें करावें, एक डोळा तळहातानें झांकावयास सांगून तारीख वाचून घ्यावी, मग दुसरा. मूल बोटांच्या फटींतून पाहत नाहीं ना, एवढें पहावें. दोन्ही डोळ्यांत फरक आढळला तर डॉक्टरांकडे जावें. फरक आढळला नाहीं तरी नेत्रतज्ज्ञांकडून एकदां रीतसर तपासणी करून घ्यावी, कारण घरच्या परीक्षेंत सर्वच दोष सांपडतात असें नाहीं.