धर्मतल्याला उभ्याउभ्या

कोलकात्यात धर्मतल्याला माणूस येतो तो काहीतरी घरी न्यायला. न्यू मार्केटातून चादरी आणि चपला, नाहूमकडून फ्रूट केक, कोपऱ्यावरच्या के. सी. दासकडून रसगुल्ल्याचा हवाबंद डबा. हा डबा त्यांनी १९३०च्या सुमारास काढला, त्यामुळे रसगुल्ला गावाबाहेर पडला. आइस्क्रीमचं तसं नाही. ते हातात धरून बेहाल्याच्या बसमध्ये चढलात तर पुढच्या स्टॉपपर्यंत शर्टाच्या बाहीत उतरतं. इथंच संपवावं लागतं, तेही उभ्याने. धर्मतल्याचं, म्हणजे एस्प्लनेडचं, घाईतलं गिऱ्हाईक दहा मिनिटं एका जागी सापडायला हवं असेल, तर आइस्क्रीमच्या दुकानात जावं.

मी जातो त्या दुकानाचं नाव देत नाही. पुढे एक तक्रार येणार आहे.

*

दोन डीप फ्रीझर, भिंतीलगत छातीच्या उंचीची एक फळी, वर गरगरणारा पंखा. खुर्ची एकच, तीही मालकांची. फळीवर कप ठेवून खावं अशी अपेक्षा; पण फळीवर कायम पिशव्या असतात आणि कप हातातच राहतो.

*

चैत्र सेल. आपला पाडवा उलटून गेला तरी इथे जुन्या वर्षाची विक्री सवलतीत चालूच असते, थेट एप्रिलच्या मध्यावर पोइला बैशाख, म्हणजे बंगाली नवं वर्ष, येईपर्यंत. फुटपाथवरचे विक्रेते घसा फोडून भाव सांगत असतात, हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही. अशा वेळी दुकानात शिरणाऱ्या कुटुंबाचा क्रम ठरलेला. पुढे मुलं, मग आई, मग पिशव्यांनी लादलेला बाप, शेवटी आजी. आजी दारातच जाहीर करते, मला नको, ठांडा लेगे जाबे, सर्दी होईल. सगळ्यांचे कप येतात. आजी नातवाचा चाखते, सुनेचा चाखते, मुलाच्या कपातला काजू काढून घेते. हिशेब केला तर सर्वांत जास्त आइस्क्रीम तिच्याच पोटात गेलेलं असतं, आणि सर्दी झाली तर ती नातवाला होणार.

*

थंडीची ही धास्ती आजची नाही. फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने तिथल्या तळ्यांतला बर्फ कापून ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्याला धाडला, ते साल १८३३. मे महिन्यात निघालेलं जहाज सप्टेंबरात पोचलं. १८० टन भरले होते, सुमारे १०० टन शिल्लक उरले. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून! साहेबलोकांनी वर्गणी काढून बर्फासाठी खास घर बांधलं, ते हेअर स्ट्रीटच्या बाजूला, म्हणजे इथून चालत जाण्याच्या अंतरावर. हाच बर्फ पुढे मुंबईलाही उतरू लागला. १८३४ साली जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमान-पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याचं मुंबई समाचारने छापलं, अशी हकिगत सांगतात. आमच्या दुकानातल्या आजीला हे कळलं तर ती सुनेला ऐकवल्याशिवाय राहणार नाही.

*

तक्रार. पिस्त्याचा कप घेतला, झाकण काढलं तर वर बर्फाचे खडे, चमचा लावला तर करकर वाजतो. एकदा वितळून पुन्हा गोठलेलं आइस्क्रीम असंच होतं. पहिल्यांदा ते घुसळत घुसळत गोठवलेलं असतं, म्हणून बर्फाचे कण जिभेला जाणवू नयेत इतके बारीक राहतात. फ्रीझरमध्ये निपचित पडून दुसऱ्यांदा गोठताना ते एकमेकांना चिकटून वाढतात. मी पोऱ्याला कप दाखवला. त्याने मालकाकडे बघितलं. मालक म्हणाले, ‘दुपारी कारेंट गेलं होतं.’ एवढ्यावर मी गप्प बसलो असतो, कारण आपला स्वभाव. पण शेजारी कोन चाटत उभ्या असलेल्या गृहस्थांनी प्रकरण हातात घेतलं. ‘कारेंट गेलं तर विकायचं कशाला?’ मग मागच्या बाईंनी विचारलं की पिस्ताच का बिघडला, माझा आंबा चांगला आहे. त्यावर तिसऱ्या एका चष्मेवाल्यांनी फ्रीझरमध्ये वरचा थर आणि खालचा थर यांत काय फरक पडतो हे समजावून दिलं. मालकांनी त्यांचा मुद्दा खोडला. चर्चा लोडशेडिंगच्या जुन्या दिवसांवर गेली, तिथून राज्य सरकारवर. मी कप हातात धरून ऐकत होतो. शेवटी पोऱ्याने मला गुपचूप दुसरा कप दिला आणि पहिला परत घेतला. वाद चालूच होता. त्यात माझी आता गरज नव्हती.

कोलकात्यात तक्रार एकट्याची राहत नाही. पुण्यात असतो तर ‘बदलून मिळणार नाही’ अशी पाटी तरी दिसली असती.

*

कपावरचं बारीक अक्षर वाचणारं गिऱ्हाईक विरळा. आइस्क्रीम म्हणायचं तर नियमाप्रमाणे त्यात निदान १० टक्के दुधाची चरबी हवी. वनस्पती तेल घातलं की त्याला ‘फ्रोजन डेझर्ट’ म्हणावं लागतं. एक लिटर आइस्क्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम भरावं असाही नियम आहे. लिटरभर दूध किलोच्या थोडं वरच भरतं, म्हणजे बाकीची काय ती हवा. हवा नसेल तर चमचा शिरणार नाही हे खरं. तरी पण मापाने विकायचं आणि वजन असं ठेवायचं, हा धंदा सोनारालाही जमला नसता.

*

कुल्फीत हवा नाही. दुकानाबाहेर संध्याकाळी कुल्फीवाला बसतो, लाल फडकं गुंडाळलेला मोठा मटका घेऊन. मटक्यात फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ, त्यात खोचलेले पत्र्याचे निमुळते साचे, झाकणाच्या फटीला कणीक लिंपलेली. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली जातो आणि आटवलेलं दूध जागच्या जागी घट्ट गोठतं. आपल्याकडे पॉट आइस्क्रीमला हेच मीठ लागतं, फक्त तिथे घरातल्या सगळ्या भाच्या-पुतण्यांना हँडल फिरवायला बसवतात. कुल्फीवाला साचा उपसतो, नखाने कणीक खरवडतो, दोन तळव्यांत साचा चार वेळा गरगर फिरवतो. तळव्याच्या उबेने कडा सुटते. मग पानावर उपडा करून एक हलका ठोका. पांढरा सुळका बाहेर. सुरीने चार काप, वर काही नाही. गिऱ्हाईक काडीने टोचून खातं आणि पहिला तुकडा तोंडात ठेवल्यावर बोलायचं थांबतं.

दुकानमालक आणि कुल्फीवाला यांचं वैर असावं असं मला वाटे. तसं काही नाही. कुल्फीवाल्याचा बर्फ संपत आला की तो दुकानातून घेतो, आणि मालक स्वतः रात्री त्याच्याकडचीच कुल्फी खातात.

*

मेट्रोत खायला-प्यायला बंदी, त्यामुळे स्टेशनच्या तोंडाशी कोन संपवणाऱ्यांची रांग उभी असते. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ला इथूनच भवानीपूरपर्यंत धावली. मार्च २०२४पासून हुगळीच्या खालून हावडा मैदानही जोडलं गेलंय. नदीखालचा जेमतेम अर्धा किलोमीटर एका मिनिटाच्या आत सरतो. तेव्हापासून हावड्याच्या बायका खरेदीला वाढल्या, असं मालक सांगतात. पूर्वी पुलावरच्या गर्दीच्या धाकाने त्या लवकर निघत. आता आणखी एक कप घेतात.

*

एप्रिलअखेरीची संध्याकाळ, कालबैशाखी. आपल्या वळवासारखीच, अंगात मात्र जोर जास्त. आधी धूळ, मग फुटपाथवरच्या निळ्या प्लॅस्टिकची फडफड, मग एकदम पाणी. चार माणसांच्या दुकानात वीस-पंचवीस जण शिरले. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून एकेकाने स्वस्तातली काडीची ऑरेंज घेतली. गारठा सुटलेला, अंगावरचे कपडे ओले, आणि सगळे कुडकुडत ऑरेंज चोखतायत. भाडं दिल्यासारखं.

*

नोलेन गुडाचं आइस्क्रीम थंडीत. खजुरीच्या झाडाला चीर देऊन रात्रभर मडक्यात रस धरतात, पहाटे उतरवून आटवतात. गारवा गेला की रस बिघडतो, म्हणून नवा गूळ दोन-तीन महिन्यांचाच. वर्षभर मिळतं ते साठवलेल्या गुळाचं, किंवा नुसत्या वासाचं. जुनी गिऱ्हाइकं जूनमध्ये ते मागतच नाहीत आणि नवी मागतात तेव्हा मालक काही बोलत नाहीत, देतात.

*

हाज्रा रोडच्या महाराष्ट्र निवासात उतरलेले पुण्याचे एक काका-काकू माझ्याबरोबर आले होते. काकांनी काउंटरवर थेट विचारलं, ‘भैया, मस्तानी है?’ पोऱ्या म्हणाला, ‘दीपिकावाली?’ काकूंना हसू आवरेना. काकांनी मात्र रीतसर समजावलं, घट्ट मिल्कशेक, उंच ग्लास, वर आइस्क्रीमचा गोळा. मालकांना कल्पना आवडली. आंब्याचा शेक करून त्यांनी वर गोळा सोडला, तो तळाला गेला. ‘आमच्याकडे असा बुडत नाही,’ काका म्हणाले, आणि सगळा ग्लास संपवला.

पैसे देताना मालकांनी विचारलं, कुठले तुम्ही? महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. ‘म्हणजे बर्गी!’ मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२मध्ये या शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तो अर्धवटच राहिला आणि मराठे शहरात आलेच नाहीत, पण बर्गी, म्हणजे मराठे स्वार, येतील म्हणून पोरांना निजवायची रीत बंगालात अजून आहे. मी हे काकांच्या कानाशी लागून सांगितलं. काका क्षणभर ओशाळले. मग सावरून मालकांना म्हणाले, ‘वो नागपुरवाले भोसले थे. हम पूना के हैं.’