पुडीतल्या गोळीचं नाव

फॅमिली डॉक्टरांना गोळीचं नाव विचारणं मला आगाऊपणाचं वाटायचं. मोजक्या पैशांत तपासणी आणि वर कागदी पुड्या: पांढरी अर्धी, पिवळी एक, जेवणानंतर. रात्री-अपरात्री दार उघडणाऱ्या माणसावर भरवसा ठेवावा, त्याची उलटतपासणी घेऊ नये, हे माझं ठाम मत.

ते बदललं आत्याच्या ओठामुळे. जुलाबाचं औषध घेतलं की तिच्या खालच्या ओठावर डाव्या बाजूला खाज सुटायची, जांभळट चट्टा फुगायचा आणि जाताना काळा डाग ठेवून जायचा. दरवेळी तीच जागा. आम्ही ‘उष्णता’ म्हणून सब्जा पाजत राहिलो. त्वचारोगतज्ज्ञ डाग बघून म्हणाले, “हे औषधाचं आहे. कोणतं घेतलं होतं?” सगळे गप्प. मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्साझोल, अशा बऱ्याच गोळ्यांनी हे होतं. पुडीत कोणती होती, कोण सांगणार?

आत्याचं ओठावर निभावलं. पण काही अँटिबायोटिक्सनी, विशेषतः सल्फाच्या औषधांनी, क्वचित स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो. ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड, मग भाजल्यासारखी कातडी सुटू लागते. ३० टक्क्यांहून अधिक त्वचा सुटली, तर जिवावरच बेततं. पहिला उपाय म्हणजे कारण ठरलेलं औषध ताबडतोब थांबवणं. आणि हे सुरू होतं औषध घ्यायला लागल्यावर साधारण ४ ते २८ दिवसांत. तोवर पुडीचा कागद केव्हाच केरात गेलेला असतो. पेनिसिलिनआधी हातावर करतात त्या टेस्टमधूनही याचा अंदाज येत नाही. आधार उरतो तो मागच्या अनुभवाचा, आणि नाव माहीत नसेल तर तोही फुकट.

म्हणून ‘अँटिबायोटिक नकोच’ म्हणणाऱ्यांत मी गेलो नाही. उलट, एकाचं नाव ठाऊक नसलं की गरजेच्या वेळी चालणाऱ्या औषधांवरही फुली पडते.

आता मी नाव लिहून मागतो. पहिल्यांदा मागितलं तेव्हा डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुडीवरच बॉलपेनने लिहून दिलं. संकोच अजून पुरता गेलेला नाही. बाहेर गर्दी असली की जीभ अडखळते. तरी विचारतो.