समोरचा उठत नाही

मुलांच्या मोबाईलचा विषय निघाला की आमच्या नात्यागोत्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमचा मुलगा बंदुकांचे खेळ खेळत नाही, बुद्धिबळ खेळतो." सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असते आणि ते समाधान उगाचचे नाही. बुद्धिबळात डोके लागते, धीर लागतो. पण पटावरचे बुद्धिबळ आणि मोबाईलवरचे बुद्धिबळ यांत एक फरक आहे. तो गेल्या वर्षी आमच्या घरात ध्यानात आला. आम्ही पती-पत्नी मिळून तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

आम्ही नांदेडला राहतो. घरात अब्बा आहेत, म्हणजे आमच्या मुलांचे दादा. धाकटी मुलगी सातवीत आहे. थोरला मुलगा दहावीनंतर नीटच्या तयारीसाठी लातूरला गेला. तो आता बारावीत आहे. मराठवाड्यातल्या हजारो घरांचे असेच झाले आहे. 'लातूर पॅटर्न'चे नाव ऐकून मूल तिकडे जाते, आईवडील महिन्या-दोन महिन्यांनी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने भेटायला जातात आणि उरलेले दिवस फोनवर निघतात.

या खेळाशी आपले नाते जुने आहे. हिंदुस्थानातले चतुरंग इराणात गेले, तिथून अरबांकडे आले आणि त्याचे शतरंज झाले. 'शाह मात' हे शब्द युरोपच्या भाषांत गेले ते याच वाटेने. अब्बासी काळातल्या बगदादमध्ये अबू बक्र अस-सूली हे या खेळाचे मोठे उस्ताद होते. इ.स. ९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. शतरंजवर त्यांनी ग्रंथ लिहिले आणि त्यांनी मांडलेले एक कोडे सुमारे हजार वर्षे कोणाला सुटले नव्हते.

त्याच काळात उलमांमध्ये या खेळावर चर्चाही झाली. हनफी फिकहमध्ये तो मकरूह मानला गेला आणि अनेकांनी याहून कडक शब्द वापरले. इमाम शाफई (रहे.) यांनी तो पसंत केला नाही, पण हरामही म्हटले नाही. आपल्या मराठवाड्यात बहुतेक हनफी आणि कोकणात बहुतेक शाफई, म्हणून एकाच महाराष्ट्रातल्या दोन मुस्लिम घरांत या खेळाबद्दल दोन मते सापडतात. मात्र दोन गोष्टींवर दुमत नाही. पैसा लावला तर तो जुगार, आणि जुगार हराम. खेळापायी नमाज गेली तर तो खेळ नाजायज. सूरह अल-माइदामध्ये जुगाराची मनाई आली आहे तिथे कारणेही आली आहेत : आपसांत वैर येते आणि माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून दूर जातो. आम्ही आलिम नाही, फतवा देण्याचा आमचा अधिकारही नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. आमचे म्हणणे फक्त नमाज आणि वेळ यांच्यापुरते आहे.

अब्बा एसटीत वाहक होते. नांदेडहून लातूरला मुक्कामी गाडी घेऊन जात तेव्हा तिथल्या विश्रांतीच्या खोलीत कापडी पट अंथरून चालक-वाहकांचे डाव रंगत. ते देशी बुद्धिबळ खेळायचे. प्यादे सुरुवातीलाही एकच घर पुढे जाई. राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की ज्या रांगेत पोहोचले त्या रांगेचा मोहरा होई. नियमांवरून तासभर भांडण होई आणि मग त्याच भांडणातून चहा निघे.

पण डाव संपायचा, किंवा अर्धा मोडायचा. गाडीची वेळ झाली की चालक उठे. अजान झाली की अब्बा उठत. कोणाला झोप येई, कोणाच्या घरून निरोप येई. नांदेडला सुटीच्या दिवशी असर आणि मगरिबच्या मध्ये ओट्यावर पट मांडला जाई, तेव्हाही तसेच. दोघांपैकी एक उठला की दुसऱ्याला उठावेच लागे. एकट्याने खेळणार कोणाशी? खेळ थांबवण्यासाठी कोणाला वेगळा निग्रह करावा लागत नव्हता.

पुढे आम्ही जुना संगणक घेतला. त्यात विंडोज सेव्हन होते आणि त्याच्यासोबत 'चेस टायटन्स' नावाचे बुद्धिबळ होते. एक ते दहा अशा पायऱ्या होत्या, जमेल ती निवडायची. अब्बांनी तिसऱ्या पायरीवर सुरुवात केली आणि पाचव्या-सहाव्या चालीला राजाला घोड्यासारखे उडवायला गेले. संगणक ऐकेना. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. भांडायला समोर कोणी नव्हते. "ही कसली शतरंज, यात बोलायलाच कोणी नाही," म्हणून ते उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी परत बसले आणि हळूहळू नवे नियम शिकले.

हे शिकणे सोपे नसते. पंजाबच्या मिठा टिवाणा गावचे मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढले. मोठेपणी त्यांनी युरोपचे नियम शिकले, सर उमर हयात खान यांच्यासोबत इंग्लंडला गेले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश स्पर्धा जिंकली. विश्वविजेते राहिलेल्या कापाब्लांकालाही त्यांनी हरवले. त्याच घरातल्या मिस फातिमा १९३३ साली ब्रिटिश महिला विजेत्या झाल्या. सुलतान खान १९६६ मध्ये वारले आणि २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला. हे ऐकून अब्बा एवढेच म्हणाले, "म्हणजे घोड्याची उडी त्यांनाही सोडावी लागली."

यंत्राची ताकद किती वाढली, हेही पालकांना माहीत असावे. मे १९९७ मध्ये आयबीएमच्या 'डीप ब्लू' या संगणकाने विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्हला सहा डावांत साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. ते यंत्र सेकंदाला २० कोटी स्थिती तपासत असे आणि त्याला मोठी कपाटे लागत. आज 'स्टॉकफिश' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम साध्या मोबाईलवर चालतो आणि तो कोणत्याही विश्वविजेत्यापेक्षा भारी आहे. शिकणाऱ्यासाठी ही नेमतच आहे. नांदेडसारख्या गावात ज्याला उस्ताद मिळाला नाही, त्याला आपली कोणती चाल कच्ची पडली हे लगेच कळते. आमची धाकटी याच मार्गाने अब्बांच्या पुढे गेली. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला तेव्हा ती १९ वर्षांची होती. त्या दिवसापासून धाकटीला नागपूर फार लांब वाटत नाही. आम्ही तिला थांबवलेले नाही, थांबवणारही नाही.

आता थोरल्याचे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघे त्याला भेटायला लातूरला गेलो. ट्यूशन एरियातली एक खोली, त्यात तीन मुले, तीन टेबले, डब्याच्या दोन पिशव्या. मुलगा वाळलेला दिसला, डोळ्यांखाली काळे. त्या महिन्यात त्याचे दर आठवड्याच्या चाचणीतले गुण घसरले होते. फजर चुकते, हे त्याने आपणहून सांगितले. मोबाईल विचारल्यावर त्याने निःसंकोच पुढे केला, कारण लपवण्यासारखे काही आहे असे त्याला वाटतच नव्हते. "शतरंजइच तो खेल रहा हूं, अम्मी."

त्या ॲपमध्ये प्रत्येक डावाची वेळ नोंदलेली असते. आम्ही यादी वाचत गेलो. रात्री बारा पन्नास. बारा सत्तावन्न. एक वाजून चार मिनिटे. प्रत्येकी तीन मिनिटांच्या घड्याळाचे डाव. एका रात्री तेवीस. शेवटचा तीन वाजायच्या सुमारास. फजर का चुकते याचे उत्तर त्या यादीतच होते.

तो म्हणाला, "हरलो की वाटतं एक डाव जिंकून झोपावं. जिंकलो की वाटतं रेटिंग चढतंय, अजून एक."

फोन काढून घेणे शक्य नव्हते. शिकवण्यांची ध्वनिचित्रे त्यावर, सराव चाचण्या त्यावर, आमची हाकही त्यावरच. रागावून उपयोग नव्हता, कारण मुलगा वाईट काही करत नव्हता. आम्ही तिथूनच अब्बांना फोन लावला. सगळे ऐकून घेतल्यावर ते नातवाशी बोलले. आमच्या घरातल्या दखनीतले ते बोलणे जसेच्या तसे देतो.

"रात को सामने कौन बैठा था रे?"

"मालूम नै दादा. कब्बी ब्राझील का रहता, कब्बी मशीन."

"वो उठता नै क्या?"

"नै. एक उठा तो दूसरा आ जाता."

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फिर तो तेरेकोइच उठना पडता."

फरक हाच आहे. मोबाईलवर समोरचा उठत नाही. त्याला अजान ऐकू येत नाही, भूक लागत नाही, सकाळची गाडी नसते. जगात कुठेतरी नेहमीच दिवस असतो, म्हणून रात्री दोनलाही दहा सेकंदांत नवा भिडू मिळतो. आणि माणूस नसेल तर यंत्र बसलेलेच आहे. जुन्या उलमांनी नमाजची अट घातली तेव्हा ती पाळायला समोरचा माणूसही मदत करत होता. आज ती सगळी जबाबदारी सतरा वर्षांच्या मुलावर येऊन पडते, तीही मध्यरात्री, आईवडील अडीच-तीन तासांच्या अंतरावर असताना. मोठ्या माणसालाही हे सोपे नाही.

उपायही अब्बांनीच काढला. त्याच ॲपमध्ये सावकाश डावाची सोय आहे, एका चालीला एक दिवसाहून जास्त वेळ घेता येतो. अब्बांनी नातवाला सांगितले, रोज असरनंतर मी एक चाल करीन, तू तुझी चाल मगरिबपूर्वी कर. त्या दिवसापासून नांदेड आणि लातूरच्या मध्ये एक डाव चालू असतो. एका चालीला पाच मिनिटे लागतात, पण डोक्यात ती दिवसभर राहते. चाल आली नाही तर अब्बा फोन करतात, आणि डावाच्या निमित्ताने जेवलास का, नमाज झाली का, हेही विचारून होते. पहिला डाव ३४ चालींत संपला. अब्बा हरले आणि दोन दिवस खूश होते.

यासोबत घरात काही गोष्टी ठरल्या. रात्री दहानंतर झटपट डाव नाही आणि फोन झोपताना टेबलावर राहील, उशाशी नाही. डाव सुरू असताना अजान झाली तर घड्याळ पळू द्यायचे, डाव हरायचा, पण उठायचे. पैसे लावायचे कोणतेही ॲप फोनमध्ये नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण आपल्यासाठी ती बंदी चौदाशे वर्षांपूर्वीच आली आहे. माणसाशी खेळताना यंत्राला चाल विचारायची नाही, कारण ती फसवणूक आहे, मग समोरचा ओळखीचा असो वा नसो. आणि अनोळखी माणसाने लिहून शिवी दिली तर उत्तर द्यायचे नाही. हे नियम आम्ही दोघांनाही लागू आहेत. रात्री दहानंतर आमचे फोनही बैठकीच्या खोलीत असतात.

सगळे सुरळीत झाले असे सांगणार नाही. महिन्यातून एखादी रात्र निसटते. तेव्हा मुलगा स्वतःच फोन करून सांगतो, "काल उठलो नाही." हे वाक्य तो सांगतो याचेच आम्हाला समाधान आहे. फजर आता बहुतेक दिवस होते. चाचणीचे गुण कधी वर जातात, कधी खाली येतात. पण चेहरा झोपलेल्या माणसासारखा दिसतो.

ज्या घरांत मूल बुद्धिबळ खेळते त्या घरांना आमचे एवढेच सांगणे आहे की, कोणता खेळ खेळतोस हे विचारून थांबू नका. डाव कोण थांबवतो, तेही विचारा. उत्तर 'कोणीच नाही' असे आले, तर मुलासमोर घरातले कोणीतरी बसवा. आजोबा असतील, मामा असेल, बहीण असेल. आणि खेळता कोणालाच येत नसेल तर शिका. अब्बा सत्तरीत नवे नियम शिकले.

नीटची परीक्षा मे महिन्यात आहे. निकाल अल्लाहच्या हाती आहे. वाचकांनी आमच्या मुलासाठी आणि लातूरच्या त्या खोल्यांत बसलेल्या सगळ्याच मुलांसाठी दुआ करावी.