बोरा बाजार ते परळ : जुन्या कॅमेऱ्याचा रास्त भाव

शनिवारी कचेरीला सुट्टी असते, आम्हाला नसते. कुणाचा जातीचा दाखला, कुणाची शाळेची फी, कुणाचे रेशनकार्ड, काही ना काही निघतेच. त्या शनिवारी मात्र निराळेच काम निघाले. शेजारच्या ताईंचा मुलगा कला महाविद्यालयात फोटोग्राफी शिकतो. त्याला जुना फिल्म कॅमेरा घ्यायचा होता. ताईंनी भिशीचे पंचवीस हजार रुपये रुमालात बांधून आमच्या हाती दिले आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हिशेबातले माणूस. पोराला फसू देऊ नका."

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. कॅमेऱ्यातले आम्हाला फारसे कळत नाही. पण ते पंचवीस हजार पहाटे चारला उठून डबे करून साठवलेले होते, हे आम्हाला पुरते ठाऊक होते. म्हणून निघालो.

लोकलमध्ये आम्ही पोराला विचारले, "अरे, सगळे जग मोबाइलवर फोटो काढते. तुला हे जुने खूळ कशाला?" तो म्हणाला, "काका, मोबाइलवर शंभर काढतो आणि एकही नीट बघत नाही. रोलमध्ये छत्तीसच फोटो. प्रत्येक खटक्याला पैसे पडतात, म्हणून आधी बघावं लागतं." हे उत्तर कारकुनाला पटणारेच होते.

दुसरी गोष्ट त्याने अशी सांगितली, की चांगला व्यावसायिक फिल्म कॅमेरा हवा तर बहुधा जुनाच घ्यावा लागतो. निकॉनचा एफ ६ सुद्धा २०२० साली बंद झाला. आहेत ते जुने कॅमेरेच हातोहात फिरतात, आणि हौशी तरुण वाढल्यामुळे भावही चढतात. पोराने दोन महिने एका वहीत नोंदी ठेवल्या होत्या. कोणता कॅमेरा, कोणत्या अवस्थेत, शेवटी किती रुपयांना गेला. विक्रेत्याने किती मागितले, हे त्याने लिहिलेच नव्हते. आम्ही मनात म्हटले, पोरगा हिशेबातला आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून भुयारी मार्गाने पलीकडे गेलो आणि बोरा बाजारात शिरलो. फोर्टातली ही अरुंद गल्ली कॅमेऱ्यांच्या व्यापाराबद्दल मुंबईभर माहीत आहे. हातगाड्या, हमाल, चहाची किटली घेऊन पळणारी पोरे, आणि मधूनच काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले कॅमेरे. एका दुकानात निकॉनचा एफएम २ होता. १९८२ साली निघालेला हा कॅमेरा वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा आवडता. कारण त्याचे शटर यंत्रावर चालते. बॅटरी संपली तर फक्त मीटर बंद पडते, फोटो निघायचा थांबत नाही. दुकानदाराने ५० मिलिमीटरच्या लेन्ससह बत्तीस हजार सांगितले.

पोरगा काचेपाशी उभा राहिला तो राहिलाच. कॅमेरा हातात मागायची त्याला भीड वाटत होती. वाचकहो, ही भीड आम्ही ओळखतो. कचेरीत, दवाखान्यात, मोठ्या दुकानात आपली माणसे अशीच उभी असतात. जणू विचारले तर आपण घेणाऱ्यातले नाही हे उघड होईल. आम्ही दुकानदाराला म्हटले, "शेठ, जरा काढून दाखवा. आणि मागचे झाकण उघडू द्या." तो म्हणाला, "चालू आहे, बघायचं काय?" आम्ही म्हटले, "चालू आहे म्हणूनच बघायचे."

मग पोरगा कामाला लागला, आणि आम्ही नुसते बघत राहिलो. त्याने लेन्स काढून झाकण उघडले, कॅमेरा ट्यूबलाइटकडे धरला आणि एका सेकंदापासून थेट चार हजारांश सेकंदापर्यंत प्रत्येक वेग वाजवून पाहिला. संथ वेग कानाने ओळखायचा. तेल वाळले असेल तर एक सेकंद दीड सेकंद होतो, किंवा मध्येच अडखळतो. मग झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाने दाबला. तो चिकट होऊन बोटाला लागला. म्हणजे तिथून उजेड शिरून फोटो खराब होणार. बॅटरीच्या खणात हिरवी-पांढरी पुटे नव्हती, हे चांगले. स्क्रूची डोकी झिजलेली नव्हती, म्हणजे कुणा अडाण्याने कॅमेरा खोललेला नव्हता. कडांचा काळा रंग उडून पितळ दिसत होते. त्याचे पोराला काहीच वाटले नाही. "तो वापर आहे काका, दोष नाही. लेन्सच्या पुढच्या कड्याला पोचा असता तर घाबरलो असतो. पोचा म्हणजे पडलेला."

शेवटी त्याने लेन्सचे भोक पूर्ण उघडून मागून बॅटरीचा झोत टाकला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू होते. बुरशी! मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला ही लागतेच. थोडी असेल तर साफ होते. काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग कायमचा राहतो.

आता आमचे काम. दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही वहीत मांडले. पोराच्या नोंदींप्रमाणे असा निर्दोष संच सुमारे सव्वीस हजारांना जातो. त्यातून दुसऱ्या लेन्सचे पाच हजार वजा. फोम बदलायला आणि चाचणीचा एक रोल घालून धुऊन बघायला दीड हजार. दुकानदार कसलीच हमी देत नव्हता, त्या जोखमीचे दीड हजार. राहिले अठरा. आम्ही अठरा सांगितले. तो सत्तावीसच्या खाली येईना. आम्ही नमस्कार करून उठलो. तोही चिडला नाही. "पोराला नजर आहे," एवढेच म्हणाला. घासाघीस म्हणजे आरडाओरडा, असा आपला समज असतो. आकडा कागदावर असला की आवाज चढवावा लागत नाही.

तिथून लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजारातली मटन स्ट्रीट गाठली. जुनी घड्याळे, ग्रामोफोनचे कर्णे, सिनेमाची पोस्टरे आणि शोभेसाठी मांडलेले कॅमेरे. एका दुकानात सोनेरी 'लायका' होता. पोरगा हसला. सोव्हिएत काळातल्या फेड आणि झोर्की या कॅमेऱ्यांना मुलामा देऊन, वर लायकाचे नाव कोरून विकणे हा जगभरचा जुना धंदा आहे. शोकेसमध्ये ठेवायला ठीक. ताईंच्या रुमालातले पैसे त्यासाठी नव्हते.

दुपार झाली होती. आम्हाला परळच्या एका चाळीतल्या वहिनींची आठवण झाली. त्यांचे यजमान वस्तीतले फोटोग्राफर. आमच्या किती सभांचे, लग्नांचे, जयंतीच्या मिरवणुकांचे फोटो त्यांनी काढले. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. कॅमेरा घरात पडून आहे, असे वहिनी मागे म्हणाल्या होत्या. पुन्हा लोकल धरून परळला गेलो.

"जयभीम भाऊ, या," म्हणून त्यांनी पाणी दिले आणि पलंगाखालून चामड्याची पेटी काढली. आत यशिकाचा मॅट १२४ जी. एकावर एक दोन भिंगांचा, वरून मान वाकवून बघायचा कॅमेरा. होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) ज्या रोलायफ्लेक्सने फोटो काढत, त्याच घडणीचा. रुंद फिल्मवर बारा चौकोनी फोटो निघतात. पोराने तोच सारा क्रम पुन्हा केला. भिंगे स्वच्छ. मूळची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, आणि बदली बॅटरी घालूनही मीटरचा काटा हलला नाही. एका सेकंदाचा वेग मध्येच अडकत होता. बाकी सारे ठीक.

वहिनी म्हणाल्या, "भंगारवाला पाचशे म्हणत होता. तुम्ही घरचे. तीन हजार द्या."

पोराचे डोळे चमकले. खरे सांगायचे तर क्षणभर आमचेही. ताईंचे बावीस हजार वाचणार होते, आणि विकणारीच मागते तेवढे दिले तर त्यात खोटे काय? पण वही उघडीच होती. चालू स्थितीतला हा कॅमेरा अठरा हजारांना जातो, अशी नोंद पोराच्याच अक्षरात होती. शटर साफ करायला तीन हजार, मीटरचे एक हजार. राहिले चौदा. सकाळी दुकानदारापुढे जो हिशेब आम्ही छाती काढून मांडला, तोच दुपारी वहिनींपुढे लपवायचा, तर मग ती वही कशाला?

आम्ही काही बोललो नाही. वही पोराच्या हातात दिली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकी, याचे चौदा हजार होतात."

वहिनींना आधी संशयच आला. "जास्त का देतोस रे? आत सोनं आहे का?" मग पोराने एकेक आकडा समजावून सांगितला. त्यांनी दोनदा वजाबाकी करायला लावली, आणि मगच पैसे मोजून घेतले.

उठताना त्यांनी बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे पुढे केले. "हे पण न्या, जागा अडते." आत निगेटिव्ह होते. काही पाकिटांवर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू'चे नाव. पोराने एक पट्टी खिडकीकडे धरली. उलट्या रंगात एक मिरवणूक, पुढे निळ्याऐवजी पांढरट दिसणारे झेंडे, आणि काठावर टाचा उंचावून बघणाऱ्या बायका. आम्ही डबे घेतले नाहीत. कॅमेऱ्याचा भाव वहीत निघाला. याचा निघत नव्हता. आता तो पोरगा दर रविवारी परळला जातो आणि वहिनींना विचारून प्रत्येक पाकिटावर नाव-साल लिहितो. तुमच्याही घरात पलंगाखाली असे डबे असतील तर भंगारवाला यायच्या आधी एकदा उघडून बघा.

शटर दुरुस्त करून पहिला रोल धुऊन आला, तेव्हा बारापैकी दोन फोटो एकमेकांवर चढले होते. फिल्म पुढे सरकवणारे चाकही झिजलेले निघाले. तो खर्च आमच्या हिशेबात धरायचा राहिला होता. म्हणून वाचकांस शेवटची सूचना : जुना कॅमेरा घेताना शक्य असेल तर आधी एक रोल घालून बघा, मगच आकडा बोला. उरलेल्या दहांपैकी एक फोटो ताईंचा आहे, पहाटे डबे भरतानाचा. तो त्यांनी भिंतीवर लावला आहे.