गावाचा बांबू

प्रवासाला निघताना घरच्यांनी सामानाची यादी हाती दिली. तिच्या तळाशी धाकट्या चिरंजीवांचे अक्षर होते : ‘कंदिलासाठी जंगलातला खरा बांबू.’ मराठीच्या प्राध्यापकावर याहून मोठे काम कोण सोपवणार?

चांद्याचा गोंडकालीन परकोट मागे पडला आणि एस.टी. मूल-सावलीच्या वाटेला लागली. दोन्ही अंगांना धान पिवळा झाला होता. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. 1982 च्या ऑगस्टपर्यंत हा सारा मुलूख चांद्याचाच होता. तेथून धानोऱ्याच्या रस्त्याने तीसेक किलोमीटर गेलो, तो साग, मोह आणि बांबूची बेटे यांच्या सोबतीने. उतरलो मेंढा-लेखा येथे.

शंभरेक उंबऱ्यांचे हे गोंडांचे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा मी ऐकून होतो. मनात म्हटले, घोषणा काय, आम्हीही पुष्कळ देतो!

दुपारी एका वृद्ध गावकऱ्याबरोबर रानात हिंडताना मी सहज म्हणालो, “एवढे बांबू आहेत, एखादा तोडून द्या की. पैसे देतो.”

म्हातारबा हसले. “बांबू गावाचा आहे जी. मी एकटा कसा देऊ?”

मी वरमलो. आम्ही पुस्तकी माणसे शब्दांच्या अर्थावरून भांडतो ते हौसेने. येथे एका शब्दावर गावाची मजुरी अडली होती. शास्त्र बांबूला गवत म्हणते. 1927 चा वनकायदा मात्र त्याची गणना झाडांत करी. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजांत घातला. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकून बाहेर नेण्याचा परवाना मिळेना. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले.

“सभेत किती मते पडली म्हणजे ठराव होतो?” मी विचारले.

“मते मोजत नाही जी. एकाचंही मन नसलं तर थांबतो. पुन्हा बसतो.”

“फार वेळ जात असेल?”

“जातो ना. पण मागाहून भांडणात जातो, तो वाचतो.”

यावर मला बोलणे सुचेना. तीन वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी वडिलांचे घर विकले. विकावे असे आम्हां दोघा भावांचे मत; अक्काचे नव्हते. दोन विरुद्ध एक, ठराव मंजूर! ती नको का म्हणते, हे आम्ही पुरते ऐकूनही घेतले नाही. तेव्हापासून भाऊबिजेचे तबक माझ्यापुढे आलेले नाही.

घरी रिकाम्या हाताने परतलो. चिरंजीव रुसले, कंदिलाच्या काड्या बाजारातून आणल्या. पण यंदा भाऊबिजेला बोलावण्याची वाट न पाहता अक्काकडे जायचे ठरवले आहे. ती बोलली नाही, तर थांबेन.

पुन्हा बसेन.