बोयावरचं ऊन

मुंबईत गेटवेसमोर बोयांना बांधलेल्या शिडाच्या बोटी पुढच्या सफरीपर्यंत नुसत्या डोलत असतात. फ्रीज बंद, दिवे बंद. सोलर पॅनेल मात्र रोज उजाडताच कामाला लागतं. बोटींची वायरिंग करणाऱ्याचं कसब इथे दिसतं.

बारा व्होल्टचं म्हणून मिळणारं ३६ सेलचं पॅनेल उन्हात, काहीही जोडलेलं नसताना, २१-२२ व्होल्ट दाखवतं. ते शिशाच्या बॅटरीला थेट जोडलं, तर बॅटरी भरल्यावरही करंट शिरत राहतो, पाणी आटतं, हायड्रोजन सुटतो. बंद कप्प्यातल्या हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरे. म्हणून मध्ये कंट्रोलर हवाच. तो आधी मिळेल तेवढा करंट आत सोडतो, व्होल्टेज १४.४ च्या आसपास पोचलं की तिथे धरून ठेवतो आणि बॅटरी भरली की १३.५ च्या जवळ उतरवतो.

मधला टप्पा संथ असतो आणि नेमका तोच प्रवासात अर्धवट राहतो. ऑटोपायलट वीज खातो, डोलकाठीची सावली पॅनेलवर पडते, तेवढ्यात दिवस मावळतो. अशी रोज अर्धपोटी राहिलेली बॅटरी सल्फेट धरते. बोयावर मात्र ती सकाळीच भरलेली असते आणि दिवसभराचं ऊन शिल्लक असतं. एकाच कंट्रोलरला या दोन्ही तऱ्हा सांभाळायच्या असतात. त्यामुळे कंपनीच्या सेटिंगवर विसंबून राहणं बरं नव्हे.

त्यात आपल्याकडचा उकाडा. २५ अंशांपुढच्या दर अंशाला शिशाच्या बारा व्होल्ट बॅटरीचं चार्जिंग व्होल्टेज साधारण ०.०२५ व्होल्टने कमी करावं लागतं. इंजिनाशेजारच्या कप्प्यात ४५ अंश असतील, तर १४.४ चं १३.९ करायला हवं. पण कंट्रोलर केबिनमध्ये, हवेशीर जागी बसवलेला. त्याला ही काहिली कळणार कशी? जाणता कारागीर तापमानाचा सेन्सर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर कसतो. मग भर दुपारी, चार्जिंग जोरात असताना, मल्टिमीटर आधी कंट्रोलरच्या टोकांना आणि मग बॅटरीच्या टोकांना लावतो. इकडे १४.४ आणि तिकडे १४ दिसले, तर वायर बारीक आहे किंवा खाऱ्या हवेने जोड गंजलाय. तिथे जाड, कल्हईदार तांब्याची वायर घालण्यात काटकसर करूच नये.

लिथियमची बॅटरी आणली, तर हेच सेटिंग पुन्हा उघडावं लागतं: उष्णतेनुसार व्होल्टेज बदलणारी सोय आधी बंद करायची आणि बोट महिनाभर बोयावर राहणार असेल, तर बॅटरी काठोकाठ भरून ठेवायची नाही.